धर्माशेट पारखी आणि माणिकगिरीचा यक्ष

एका राज्यात, जेथील विहिरी दर अमावास्येला आपली जागा बदलत आणि जेथील पक्षी गरजेपुरते बोलत, धर्माशेट नागूशेट पारखी नावाचे रत्नपारखी राहत असत. या कथेच्या वेळी त्यांचे वय पूर्ण एकाहत्तर वर्षांचे होते. हिरा, पाचू, नीलम, पुष्कराज ही सारी रत्ने ते जाणत; परंतु माणकाच्या परीक्षेत त्यांच्या तोडीचा पुरुष सात राज्यांत नव्हता. माणिक हाती आले की ते प्रथम डोळे मिटून ते पापणीला लावीत. काच असेल तर ती तत्काळ ऊब धरते. माणिक आपला गारवा सहजी सोडत नाही. मग ते डोळे उघडीत आणि दगड सावकाश फिरवून त्याचा रंग, त्याचे तेज, त्याचे अंतरंग क्रमाने वाचीत, जसे एखाद्याने पोथीचे पान वाचावे. खाण कोणती, हे ते न विचारता सांगत. लोक म्हणत, "धर्माशेट दगडाला विचारतात आणि दगड त्यांच्याशी खोटे बोलू शकत नाही."

त्यांचे वडील नागूशेट यांनी अंतकाळी त्यांना आपला काटा दिला, म्हणजे रत्ने तोलण्याचा लहानसा पितळी तराजू, आणि तीन नियम दिले. पहिला नियम: पारख्याचे पागोटे पांढरे असावे. दुसरा: आधी दोष सांगावा, मग गुण. तिसरा: दिलेला शब्द मागे घ्यावा लागला, तर आपला काटा आपल्या हाताने मोडावा आणि पुन्हा रत्नाला हात लावू नये. दुसऱ्या व तिसऱ्या नियमाचे कारण धर्माशेटांना उमजले. पहिल्याचे त्यांनी विचारले, तेव्हा म्हातारा हसून म्हणाला, "चुकशील तेव्हा कळेल." धर्माशेट चुकले नाहीत, म्हणून त्यांना कळले नाही.

या कथेच्या तीन वर्षे आधी राजा शुभकेतूच्या दरबारी भस्मानंद नावाचा मांत्रिक आला. तो नखशिखान्त राखेच्या रंगाचा होता. त्याची जीभसुद्धा राखेच्या रंगाची होती. त्याच्या तळहातावर आवळ्याएवढा एक दगड होता.

"महाराज, हे माणिक आहे," तो म्हणाला. "मला द्रव्य नको. याच्या बदल्यात आपल्या राज्यातील तांबडेपण द्यावे. जोवर पारख्याचा शब्द खरा, तोवर सौदा खरा."

राजा हसला. "तांबडेपण? ते काय गोणीत भरून नेणार आहेस? ने, नेववेल तेवढे ने. बोलवा धर्माशेटांना."

धर्माशेट आले. भस्मानंदाने त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि तो चुकचुकला. "सात राज्यांत ज्याचा शब्द चालतो, त्याच्या डोक्यावर हे पांढरे फडके? महाराज, हा पारख्याचा अपमान की आपला?" असे म्हणून त्याने झोळीतून एक रेशमी पागोटे काढले. ते ताज्या लाखेसारखे तांबडे होते. राजाला ते पटले. त्याने सिंहासनावरून उतरून ते पागोटे स्वतःच्या हाताने धर्माशेटांच्या मस्तकी ठेवले.

धर्माशेटांना पहिला नियम आठवला, नाही असे नाही. परंतु सारी सभा पाहत होती, आणि राजाने दिलेला मान कोणी परतवीत नाही. शिवाय ते पागोटे त्यांना आवडले होते.

त्यांनी दगड झरोक्यापाशी नेला. पापणीला तो गार लागला. डोळे उघडून पाहतात तो तळहातावर निखारा ठेवल्याचा भास झाला. एवढा मोठा, एवढा नितळ, एवढा रसरशीत! त्यांचे अंतःकरण भरून आले. दोष शोधायचे राहून गेले. ते म्हणाले, "उत्तम माणिक. माझ्या आयुष्यात असे दुसरे पाहिले नाही."

सभा जयजयकार करीत उठली. दगड सिंहासनात जडवला गेला. भस्मानंद नमस्कार करून निघून गेला.

पहिल्या वर्षी जास्वंद, पळस आणि गुंजा राखी झाल्या. दुसऱ्या वर्षी विटा, कोंबड्यांचे तुरे आणि बायकांच्या कपाळांवरचे कुंकू राखी झाले. सिंहासनातील दगडही फिका पडला. पण सगळेच फिके पडत होते, म्हणून त्याचा संशय कोणाला आला नाही. तिसऱ्या वर्षी तांबडेपण माणसांच्या रक्तातून उतरू लागले. जोवर शब्द खरा, तोवर सौदा खरा. आणि धर्माशेटांचा शब्द खोटा असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. धर्माशेटांच्या तर नाहीच.

धर्माशेटांच्या पत्नी म्हाळसाबाई त्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. त्यांचे ओठ कापसासारखे झाले, नखे शिंपल्यासारखी झाली. वैद्याने नाडी पाहिली आणि धर्माशेटांना ओसरीवर नेऊन सांगितले, "एकवीस दिवस. बाविसावा माझ्या विद्येत नाही."

धर्माशेट आत येऊन उशाशी बसले. म्हाळसाबाईंची जीभ मात्र अजून पांढरी पडली नव्हती.

"काय म्हणाला वैद्य?"

"विश्रांती घ्या, म्हणाला."

"खोटे बोलायची सवय नाही तुम्हांला, कान हलतात तुमचे." त्या म्हणाल्या. "अहो, जन्मभर दगडांचे गुण सांगत आलात. माझा एखादा गुण सांगितलात कधी?"

"आमच्यात आधी दोष सांगतात, मग गुण," धर्माशेट ताठपणे म्हणाले.

"मग पन्नास वर्षे झाली, अजून दोषच चालले आहेत का?"

धर्माशेट परसात जाऊन उभे राहिले.

परसातल्या वळचणीला एक वृद्ध पारवा बसला होता. तो म्हणाला, "धर्माशेट, उत्तम माणकाचा रंग कसा असतो?"

"पारव्याच्या रक्तासारखा," धर्माशेट सवयीने म्हणाले.

"तुम्ही पाहिलेत का पारव्याचे रक्त?"

"नाही."

"पिढ्यान्‌पिढ्या आमच्या रक्ताची उपमा देता, आणि दाणे टाकायची वेळ आली की मूठ उघडत नाही! असो. ते रक्त आता पेजेच्या निवळीसारखे झाले आहे. तुमची उपमा मेली आणि मीही मरणार. येथून दहा दिवसांच्या वाटेवर, राज्याच्या वेशीपलीकडे, माणिकगिरी आहे. तेथील यक्षाला तांबड्या रंगाविषयी सर्व काही ठाऊक आहे. चला. मी वाट दाखवतो."

धर्माशेटांनी काटा कमरेला बांधला, पागोटे डोक्यावर ठेवले आणि म्हाळसाबाईंचा निरोप घेतला. त्या म्हणाल्या, "जपून जा. आणि येताना तेवढा एक गुण आठवून या."

दहाव्या दिवशी वेशीचा दगड आला. धर्माशेटांनी पलीकडे पाऊल टाकले आणि ते जागच्या जागी थबकले. वाटेवर मृगाचा एक किडा चालला होता, मखमलीसारखा, तांबडाभडक. तीन वर्षांत त्यांनी तो रंग पाहिला नव्हता. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस धुळीत गुडघे टेकून किड्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मग त्यांनी पागोटे काढून पाहिले. तेही पुन्हा लाखेसारखे तांबडे झाले होते. त्यांनी ते नीट चापून पुन्हा डोक्यावर ठेवले.

"शोभते," पारवा म्हणाला.

"राजाने दिलेले आहे," धर्माशेट म्हणाले.

माणिकगिरीचा यक्ष ताडाएवढा उंच होता. परंतु पाहुणा आला की तो खाली बसून बोलत असे, कारण मान वर करून बोलणाऱ्याचे बोलणे नीट होत नाही, असे त्याचे मत होते. अकराव्या दिवशी सकाळी, ऊन हातभर वर आले असता, त्याने गुहेच्या तोंडाशी धर्माशेटांना आसन दिले.

"काय हवे?"

"माझ्या राज्याचे तांबडेपण परत हवे. माझी पत्नी दहा दिवसांची सोबती आहे."

"तीन परीक्षा आहेत. तिन्ही उतरलात, तर ते कसे परत येते हे सांगेन. एकही चुकलात, तर तुमचे डोळे येथे ठेवून जायचे."

"मान्य," धर्माशेट म्हणाले.

यक्षाने त्यांचे डोळे बांधले आणि समोर एक टोपली ठेवली. तिच्यात गुंजा होत्या, डाळिंबाचे दाणे होते, काचेचे मणी होते, आणि एकच माणिक होते. धर्माशेटांनी मूठमूठ भरून चाचपायला आरंभ केला. गुंजा हलक्या म्हणून गेल्या, डाळिंब ओले म्हणून गेले. उरलेला एकेक दाणा ते पापणीला लावून मनाशी दहा अंक मोजत. काच दहा म्हणेपर्यंत ऊब धरी. एक खडा मात्र दहाला गार होता आणि वीसलाही गारच होता.

"हा," ते म्हणाले. यक्षाने मान डोलावली.

मग यक्षाने डोळे सोडले आणि दोन खडे पुढे केले. दोन्ही एकाच आकाराचे, एकाच रंगाचे होते. एक आतून पाण्यासारखा निर्मळ होता. दुसऱ्याच्या पोटात केसाहून बारीक अशा रेशमी तंतूंची जाळी होती. "एक डोंगराने घडवला, एक मंत्राने. डोंगराचा कोणता?"

पारवा धर्माशेटांच्या कानाशी पुटपुटला, "निर्मळ घ्या. त्यात डाग नाही."

"म्हणूनच तो नको," धर्माशेट म्हणाले. त्यांनी दुसरा खडा उन्हात धरला, आणि त्यांचा आवाज मृदू झाला. "यक्षराज, हे रेशीम पाहा. डोंगराच्या पोटात, प्रचंड उष्णतेत, युगानुयुगे निजलेल्या दगडालाच ते लाभते. ते दाट असेल तर खडा दुधाळ होतो आणि त्याचे मोल उतरते. पण एवढे विरळ असेल, तर प्रकाश त्याच्यावर अडखळतो, पसरतो, आणि सारा खडा आतून मऊ तेजाने भरून जातो. निर्मळ खडा चमकतो, हा तेवतो. दोष वेगळा आणि जन्मखूण वेगळी. मंत्राला ही जन्मखूण साधत नाही, कारण मंत्राला वाट पाहण्याचा धीर नसतो."

"मी या डोंगरात सहस्र वर्षे आहे," यक्ष म्हणाला. "हे असे कोणी सांगितले नव्हते. आता तिसरी परीक्षा. या दगडाचे नाव सांगा. तीन वेळा पाहण्याची मुभा आहे."

त्याने धर्माशेटांच्या हातावर आवळ्याएवढा एक दगड ठेवला. त्याची एक बाजू फुटलेली होती.

धर्माशेटांनी पाहिले. तळहातावर निखारा ठेवल्याचा भास झाला. अंतःकरण भरून आले. सिंहासनातील रत्नाचा हा सख्खा भाऊ होता. "उत्तम..." असा शब्द त्यांच्या ओठांवर आला.

"अजून दोनदा पाहता येईल," यक्ष म्हणाला.

ऊन चढले होते. धर्माशेटांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. तो पुसावा म्हणून त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले, उपरण्याने कपाळ टिपले आणि दुसऱ्यांदा पाहिले.

निखारा विझला होता. हातात एक फिकट गुलाबी दगड होता.

त्यांनी पागोटे डोक्यावर ठेवले. दगड पेटला. काढले. दगड विझला. पागोट्याचा रंग दगडाच्या नितळ अंगात उतरत होता, जसा पळसाचा रंग तळ्याच्या पाण्यात उतरतो. इतके साधे होते ते. चाळीस वर्षांपूर्वी हसलेला म्हातारा त्यांना आठवला.

तिसऱ्या वेळी त्यांनी उघड्या मस्तकाने दगड उन्हात धरला आणि सावकाश फिरवला. माणिक फिरवले की दोन छटा दाखवते: एका अंगाने जांभळ्याकडे झुकते, एका अंगाने शेंदराकडे. हा दगड चोहोबाजूंनी एकच बोलत होता.

"ही लालडी आहे," धर्माशेट म्हणाले. "माणकाची सावत्र बहीण. दगड वाईट नाही. पण माणिक नव्हे."

"खरे," यक्ष म्हणाला. "हिचा दुसरा तुकडा भस्मानंदाने माझ्याकडून नेला. मी लालडी म्हणून दिली. तुम्ही माणिक म्हणून घेतलीत. तांबडेपण तुमच्या शब्दाने गेले आहे, तुमच्याच शब्दाने येईल. दुसरा उपाय कोणत्याही डोंगरात नाही."

निघताना यक्षाने टोपलीतले ते माणिक त्यांना दिले. ते गुंजेएवढे होते. उन्हात ते राख न चढणाऱ्या निखाऱ्यासारखे होते, आणि धर्माशेटांनी ते वाटेत एकदाच पाहिले, कारण पुन्हा पाहायला त्यांना धीर झाला नाही. वेशीचा दगड ओलांडताच तेही राखी झाले.

एकविसाव्या दिवशी सकाळी ते राजधानीत पोचले. ते घरी गेले नाहीत. सरळ दरबारात गेले. भस्मानंद दरबारी परत आला होता आणि राजाच्या उजव्या हाताला बसला होता. तो आता जास्वंदीसारखा लालबुंद झाला होता, आणि साऱ्या सभेत तेवढाच एक रंग होता.

"महाराज," धर्माशेट म्हणाले, "सिंहासनातील दगड माणिक नाही." त्यांनी यक्षाचे माणिक काढून त्याचे टोक सिंहासनातील दगडावर ओढले. दगडावर स्पष्ट चरा उमटला. माणकाला काहीच झाले नाही. "माणकाला हिऱ्यावाचून कोणी ओरखडू शकत नाही. ही लालडी आहे."

सभेत कुजबुज उठली. राजाचे त्यांच्यावर प्रेम होते. त्याने हलक्या आवाजात विचारले, "धर्माशेट, तुम्ही पाहिलेत तेव्हा माणिकच असेल. मागाहून कोणी बदलले असेल. नाही का?"

सारी सभा त्या एका शब्दाची वाट पाहू लागली. 'होय' म्हणणे सोपे होते. नाव राहिले असते, काटा राहिला असता. धर्माशेटांनी भस्मानंदाकडे पाहिले. तो हसत होता. दगड बदलला म्हटले, तर त्या दिवशी दिलेला शब्द खराच राहत होता, आणि शब्द खरा तर सौदाही खरा.

"नाही, महाराज," धर्माशेट म्हणाले. "दगड तोच आहे. डोळेही तेच आहेत. पागोटे तेवढे माझे नव्हते. वडिलांनी पांढरे बांधायला सांगितले होते. मला तांबडे आवडले. त्या तांबड्याचा रंग दगडात उतरला आणि मी त्याला दगडाचा रंग म्हटले. मी चुकलो. माझा शब्द मी मागे घेतो."

असे म्हणून त्यांनी डोक्यावरचे, आता राखी झालेले ते पागोटे भस्मानंदापुढे ठेवले, कमरेचा काटा काढला आणि त्याची पितळी दांडी सिंहासनाच्या पायरीवर मोडली. फार मोठा आवाज झाला नाही.

भस्मानंदाचे हसणे अर्ध्यावर थांबले. तांबडेपण त्याच्या जिभेवरून, गालांवरून, नखांवरून उतरले आणि वाऱ्यासारखे दरवाजाबाहेर गेले. क्षणार्धात तो आला होता तसा राखेच्या रंगाचा झाला, मग राखेचा ढीगच झाला, आणि झाडूवाल्याने त्याला सुपात भरून नेले. बाहेर कोंबडे आरवू लागले. धर्माशेटांच्या तळहातावर गुंजेएवढे माणिक पेटले. त्यांनी ते राजाच्या हाती दिले आणि हात उपरण्याला पुसला.

"हा नियम मी मोडतो," राजा म्हणाला. "तुमच्यासाठी सोन्याचा काटा घडवतो."

"आपल्याला तो अधिकार आहे, महाराज," धर्माशेट म्हणाले. "मला नाही."

ते घरी आले. म्हाळसाबाई उठून बसल्या होत्या आणि आरशात कपाळ पाहत होत्या. कुंकू सूर्योदयासारखे होते. त्यांनी नवऱ्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिले, मग रिकाम्या कमरेकडे पाहिले, आणि त्यांना सर्व कळले.

"एवढी मोठी चूक सभेत सांगून आलात?" त्या म्हणाल्या.

"सांगितली."

"माझ्यासाठी?"

धर्माशेट नेहमीसारखे ताठ बसले. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि आता ते दिसत होते. "दोष संपले," ते म्हणाले. "आता गुण सांगायला घेतो. बाकीचे आयुष्य पुरेल की नाही, ठाऊक नाही."

"आधी त्या पारव्याला मूठभर ज्वारी टाका," म्हाळसाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मग सांगा."

त्यानंतर धर्माशेटांनी रत्नाला हात लावला नाही. अडलेले पारखी त्यांच्या ओसरीवर येत, खडा स्वतःच्या हाताने उन्हात फिरवीत, आणि धर्माशेट दुरून पाहून सांगत. ते शेवटपर्यंत चुकले नाहीत. यक्षाचे माणिक सिंहासनात बसले आणि लालडी त्याच्या शेजारी, लालडी याच नावाने, राहिली. त्या राज्यात आजही पारखी पांढरे पागोटे बांधतात, आणि शिकाऊ पारख्याने कारण विचारले, तर त्याला ते पहिल्याच दिवशी सांगतात.